लाल गोटातला मामा

२०२४ चा मे महिना. रात्री साडेदहाला जळगावहून भाचीचा फोन आला. ‘मामा, परत बंद पडला! त्या बॉसचं एवढंसं उरलं होतं रे!’ ‘एल्डन रिंग’मधल्या कुठल्याशा अक्राळविक्राळ राजाशी ती तीन दिवस झुंजत होती. घरातल्या विजेने क्षणभर डोळा मिटला, छताच्या पंख्याला ते कळलंही नाही, पण टेबलाखालच्या यूपीएसने एक लांब शिट्टी मारली आणि कॉम्प्युटर, मॉनिटर, राजा, सगळं काळं. मी मामाच्या सुरात सांगून टाकलं, बॅटरी गेली असेल, बदलून घे. ‘मार्चमध्येच बदलली ना,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘मामा, यूपीएसच्या मागे ३६० वॅट लिहिलंय. आपलं कार्ड किती खातं?’

आपलं कार्ड, म्हणजे ग्राफिक्स कार्ड. विकत तिने घेतलं होतं, निवडलं होतं मी. आणि ते किती खातं हे मला तोंडपाठ होतं: २३० वॅट. नऊ महिन्यांपूर्वी तिनेच हा आकडा मला सांगितला होता आणि मी तो हसण्यावारी नेला होता.

त्या रात्री मी फोनवर आणखी काहीबाही बोललो. एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) चांगला आहे ना, वायरिंग तपासून घ्या, वगैरे. मनात मात्र बेरीज चालू होती. कार्डाचे २३०, प्रोसेसरचे पाऊणशे, मॉनिटरचे पंचवीस, बोर्ड, पंखे, रॅम आणि एसएसडी मिळून चाळीस, आणि एसएमपीएस वाटेत स्वतः गिळतो ते वेगळं. चारशेच्या पुढे. बाहेरून वीज येत असते तोवर यूपीएस हा भार कसाबसा पुढे ढकलतो. वीज एक क्षण गेली आणि सगळं ओझं बॅटरीवर आलं की तो हात वर करतो. पावसाळ्यातही हे दोन-तीनदा झालं होतं आणि आम्ही दर वेळी बॅटरीला शिव्या घातल्या होत्या. म्हणजे मार्चमधल्या नव्या बॅटरीचे पैसेही माझ्याच खाती.

आमच्याकडे सोनं घ्यायचं असलं की धाकट्या काकूला विचारतात आणि कॉम्प्युटरचं काही घ्यायचं असलं की मला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये भाचीने कार्डाबद्दल विचारलं तेव्हा मी मनातून फुललो होतो. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आजीने दिलेले पैसे, ओवाळणीचे पैसे आणि उरलेली भर भाऊजींची, असे तीसएक हजार जमले होते. त्या भावात तेव्हा दोन कार्डं समोरासमोर उभी होती. एक एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६०, जूनमध्येच आलेलं, २९९ डॉलर जाहीर किमतीचं, ८ जीबी मेमरीचं, ११५ वॅटचं. दुसरं एएमडीचं आरएक्स ६७०० एक्सटी. हे मूळचं मार्च २०२१ चं, वरच्या वर्गातलं, ४७९ डॉलरला आलेलं, पण नवी पिढी आल्यावर उतरत उतरत त्याच भावाला आलेलं. १२ जीबी मेमरी, निव्वळ ताकदीत ४०६० पेक्षा पुढे. आणि २३० वॅट.

मी एका शनिवारी डोंबिवलीहून निघून दादरला गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घातली. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं नाव आहे. त्या नावाने विचारलं तर अर्धे दुकानदार तुमच्याकडे बघत राहतात.) लाल कार्ड, म्हणजे एएमडीचं, दीड हजाराने स्वस्त मिळत होतं. मी भाचीला फोटो पाठवले, बारा गेमचे आलेख पाठवले, एका कागदावर दर रुपयाला किती फ्रेम पडतात त्याचा भागाकार करून तो पाठवला.

तिचं मन हिरव्यावर, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डावर, होतं. कारणं तिने तीन सांगितली: वीज कमी खातं, डीएलएसएस आहे, आणि मला ब्लेंडर, ते थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर, शिकायचंय. तीनही कारणं मी एका दमात उडवून लावली. विजेचं काय घेऊन बसलीस, आपण काय गिरणी चालवतोय? डीएलएसएस म्हणजे कमी चित्र काढून जास्त दाखवायचं, दुधात पाणी. आणि ब्लेंडरचं पुढचं पुढे बघू. ती ‘बरं’ म्हणाली. आता आठवलं की त्या ‘बरं’चा आवाज वेगळा ऐकू येतो.

कागदावरचा भागाकार बरोबर होता. खोटी होती ती त्यामागची गोष्ट. मी भागाकार करून लाल कार्डापाशी पोचलो नव्हतो, लाल कार्डापाशी उभा राहून भागाकार केला होता.

मी लाल गोटात कधी गेलो ते सांगता येतं. २०१५ च्या जानेवारीत. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९७० चं प्रकरण तेव्हा उघडकीला आलं. चार जीबी म्हणून विकलेल्या कार्डातली शेवटची अर्धी जीबी फार संथ होती, म्हणजे भरधाव मेमरी साडेतीनच, आणि आणखी एकदोन आकडेही जाहिरातीत फुगलेले होते. अमेरिकेत खटला झाला, पुढच्या वर्षी तडजोड झाली, तिथल्या ग्राहकांना तीस-तीस डॉलर देऊ केले गेले. माझ्याकडे ते कार्ड नव्हतं. माझं एका पैचं नुकसान झालं नव्हतं. पण राग आला तो घरच्यासारखा, आणि रागाला जायला जागा लागते. समोर एएमडी होती: २००६ मध्ये कॅनडातली एटीआय कंपनी विकत घेऊन ग्राफिक्सच्या धंद्यात उतरलेली, कर्जात बुडालेली, २०१५ मध्ये जिचा शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला होता अशी. मी रोज सकाळी लोकलच्या दारात अर्ध्या पायावर उभा राहणारा माणूस. मला दुबळ्याच्या बाजूचं वकीलपत्र घ्यायला फार वेळ लागत नाही. २०१७ मध्ये रायझन प्रोसेसर आले आणि दुबळा उठून उभा राहिला, तेव्हा तर मीच जिंकल्यासारखा ऑफिसात पेढे वाटायचा बाकी होतो.

या भांडणाची एक गंमत मला बऱ्याच उशिरा कळली. एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या लिसा सू या दोघांचाही जन्म तैवानमधला, आणि दोघं नातेवाईक आहेत. इंग्रजी बातम्यांत हे नातं सांगताना एका शब्दात काम होत नाही, फर्स्ट कझिन, वन्स रिमूव्ह्ड अशी कसरत करावी लागते. आपल्याकडे सरळ आहे. हुआंग यांच्या आई या लिसाबाईंच्या आईच्या वडिलांच्या धाकट्या बहीण. म्हणजे हुआंग हे त्यांच्या आईचे आतेभाऊ. म्हणजे मामा. ज्या दोन गोटांसाठी माणसं रात्र रात्र वाद घालतात त्या गोटांचे प्रमुख मामा-भाची निघाले. दोघं एकत्र वाढलेली नाहीत, धंद्यात एकमेकांना सवलतही देत नाहीत. तरी ही बातमी वाचली तेव्हा मला माझ्या वकीलपत्राची जरा लाज वाटली. लग्नघरातल्या रुसव्याफुगव्यात शेजाऱ्याने पडल्यासारखं झालं.

२०१९ च्या जुलैमधलाही एक प्रसंग आहे. आरएक्स ५७०० आणि ५७०० एक्सटी ही कार्डं जूनमध्ये ३७९ आणि ४४९ डॉलरला जाहीर झाली होती. विक्रीला दोन दिवस उरले असताना एएमडीने किमती उतरवून ३४९ आणि ३९९ केल्या. का, तर मधल्या काळात एनव्हिडियाने आपली सुधारलेली ‘सुपर’ कार्डं काढली होती. मी ते वाचून भारावलो. म्हटलं, याला म्हणतात ग्राहकाची कदर! समोरच्याने नवं कार्ड काढलं नसतं तर तेच कार्ड मला तीस डॉलर जास्त देऊन घ्यावं लागलं असतं, हे इतकं साधं गणित मला सहा वर्षं सुचलं नाही. मी ५७०० घेतलं आणि मिरवलं.

त्याच वर्षी ऑफिसातल्या एका मित्राने आरटीएक्स २०६० घेतलं होतं. त्याच्या कार्डात प्रकाशकिरणांचा हिशेब करणारा वेगळा भाग होता, डीएलएसएससाठी लागणारे टेन्सर कोर होते, आणि निव्वळ वेगात ते माझ्या ५७०० च्या मागे होतं. मी त्याला डब्याच्या सुट्टीत इतकं छळलं की तो जागा बदलून बसायला लागला. ‘अर्ध्या चिपवर रिकामे भाडेकरू ठेवलेत तुझ्या,’ असं मी म्हणायचो. तो ठाण्याला राहतो. त्याच्याकडे पुन्हा येतो, आधी जळगाव.

फोन आला त्याच महिन्याच्या अखेरीस मी जळगावला गेलो. बहिणीने दार उघडलं आणि ‘ये’ म्हणायच्या आधी म्हणाली, ‘तुझ्या त्या कार्डाने माझ्या घरात दुसरा उन्हाळा आणलाय.’ भाचीची खोली पश्चिमेची. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरत होता आणि त्याच्या झोताला छेद देत कॅबिनेटच्या मागून गरम वारा येत होता. कार्ड जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते, ती जायची कुठे? जुने शंभर वॅटचे दोन बल्ब पायाशी लावून बसा आणि त्यावर थोडी भर घाला. युरोपातला परीक्षक डिसेंबरात या आकड्याचा उल्लेख एका ओळीत करून पुढे जातो, त्याला कदाचित बरंही वाटत असेल. जळगावात पारा ४४ ला असताना पोरगी ओला नॅपकिन मानेवर टाकून खेळत होती. वॅट म्हणजे बिल, असं मी समजत होतो, आणि बिलाचा फरक महिन्याला दहा युनिटचा, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपयांचा, म्हणून तो क्षुल्लक. खोली, यूपीएस, कूलर, आईचा ओरडा, हे माझ्या भागाकारात कुठेच नव्हतं.

मी तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि काय खेळतेस ते दाखव म्हटलं. यादी छोटी होती. सर्वात जास्त तास ‘एल्डन रिंग’चे. हा गेम सेकंदाला साठ फ्रेमच्या वर जातच नाही, बनवणाऱ्यांनीच तो तिथे बांधून ठेवला आहे. तिचा मॉनिटर १०८० पी, ७५ हर्ट्झचा. म्हणजे जे ११५ वॅटचं कार्ड मी नाकारलं होतं तेही या गेममध्ये तिला हेच चित्र, याच वेगाने दाखवत बसलं असतं, आणि यूपीएस मुकाट्याने झोपला असता. मी पाठवलेल्या बारा आलेखांतले दोन गेम ती खेळली होती. एक आवडला नव्हता.

दोन दिवस आम्ही त्या कार्डाला लगाम घालत बसलो. सॉफ्टवेअरमध्ये कमाल वेग थोडा खाली आणला, व्होल्टेज एकेक पायरी उतरवत प्रत्येक पायरीवर गेम चालवून बघितला, एकदा स्क्रीन काळी झाली तेव्हा एक पायरी मागे आलो, आणि सगळ्या गेमना साठ फ्रेमचं वेसण घातलं. वेगात कळेल असा फरक पडला नाही. पंख्यांचा आवाज मात्र इतका उतरला की बहीण दारात येऊन ‘बंद केलंत का?’ विचारून गेली. तरी धोका नको म्हणून १,१०० व्हीएचा नवा यूपीएस आणला, साडेसहा हजारांचा. दीड हजार वाचवण्यासाठी मी जो शहाणपणा केला त्याची ही पावती. पैसे मी दिले. बहीण ‘असू दे रे’ म्हणाली, मग घेतले.

ब्लेंडरबद्दल भाची स्वतःहून काही बोलली नाही, मीच विचारलं. ती शिकली होती. तिच्या कार्डावर ते चालतं, २०२१ च्या अखेरीपासून ब्लेंडरमध्ये या कार्डांसाठी सोय आहे. पण सायकल्स नावाच्या त्याच्या चित्र उमटवणाऱ्या यंत्रणेत हिरव्या कार्डांवरचे ते माझे ‘रिकामे भाडेकरू’ खरोखर कामाला लागतात, आणि त्याच वर्गातलं हिरवं कार्ड तिथे बरंच पुढे निघून जातं. हे २०२३ मध्येही सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. मी ‘पुढचं पुढे बघू’ म्हटलं होतं.

इथपर्यंत माझं मत वॅटबद्दल बदललं होतं. डीएलएसएसबद्दल नाही. ते दुधात पाणीच, असं मी परतीच्या गाडीतही मनात घोळवत होतो.

ते बदललं ठाण्यात, २०२५ च्या फेब्रुवारीत. मित्राने घरी बोलावलं. सहा वर्षांचं आरटीएक्स २०६०, १४४० पी मॉनिटर, आणि ‘सायबरपंक २०७७’. जानेवारीत एनव्हिडियाने डीएलएसएसची नवी आवृत्ती काढली होती. फ्रेमांच्या मध्ये नव्या फ्रेम घुसवण्याची करामत नव्या कार्डांपुरती होती, पण लहान चित्राचं मोठं करणारा मुख्य भाग सगळ्या आरटीएक्स कार्डांना मिळाला, २०१८ पासूनच्या. मित्र म्हणाला, तू फार बोलायचास, आता ओळख. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो, तो कधी डीएलएसएस लावायचा, कधी पूर्ण चित्र, आणि फ्रेमचा आकडा झाकून मला वळायला सांगायचा. पावसात भिजलेला रस्ता, जपानी अक्षरांच्या निऑन पाट्या, दोन इमारतींमधल्या विजेच्या तारा. पाच वेळा झालं. चार वेळा मी डीएलएसएसच्या चित्रावर बोट ठेवून ‘हे खरं’ म्हणालो.

त्यातला हिशेब असा की क्वालिटी या पायरीवर कार्ड प्रत्यक्षात चव्वेचाळीस टक्केच पिक्सेल काढतं. उरलेले छप्पन टक्के जमवले जातात. कसे, ते मी घरी येऊन नीट वाचलं, आणि वाचायला सहा वर्षं का लावली याचं उत्तर माझ्याकडे नाही. प्रत्येक फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या अंशाइतका हलवतात. त्यामुळे लागोपाठच्या फ्रेमांत त्याच वस्तूचे थोडे वेगळे नमुने हाती येतात. वस्तू कुठून कुठे सरकली हे गेम सांगतो, आणि शिकवून तयार केलेलं जाळं ठरवतं की मागच्या फ्रेममधला कुठला नमुना अजून धरण्यासारखा आहे आणि कुठला फेकायचा. पाणी ओतत नाहीत, मागच्या काही फ्रेमांचं दूध आटवून घेतात. आणि माझं ‘खरं’ चित्र? गेली कित्येक वर्षं बहुतेक मोठे गेम कडांचे दात घासायला मागच्या फ्रेम मिसळूनच चित्र काढतात, त्याला टीएए म्हणतात, आणि त्याचे नियम ढोबळ असतात. म्हणून ते किंचित भुरकट दिसतं. म्हणजे ज्या शुद्धतेसाठी मी मित्राला डब्याच्या टेबलावरून उठवलं होतं ती माझ्या पडद्यावर कधी नव्हतीच.

माझ्या बाजूने एक गोष्ट नोंदवतो, नाहीतर कबुलीच्या भरात मी स्वतःवरच अन्याय करायचो. २०१९ मधलं डीएलएसएस खरोखरच वाईट होतं. चित्रावर साय धरल्यासारखं दिसायचं. मी तेव्हा जे बोललो ते तेव्हा बरोबर होतं. २०२० च्या मार्चमध्ये दुसरी आवृत्ती आली आणि ते बदललं. मी माझं मत मात्र तिथेच मुरवत ठेवलं, लोणच्यासारखं. एएमडीचं एफएसआर, म्हणजे डीएलएसएसला दिलेलं उत्तर, सगळ्या कार्डांवर चालतं म्हणून मी त्याचे गोडवे गायचो, पण १०८० पीला त्याचं आणि डीएलएसएसचं अंतर उघड दिसतं असं परीक्षक सांगायला लागले की मी पान उलटायचो. मग २०२५ च्या मार्चमध्ये आरएक्स ९०७० ची कार्डं आली आणि त्यांच्यासोबत एफएसआर ४: शिकवलेल्या जाळ्यावर चालणारं, आणि येताना त्या नव्या कार्डांपुरतंच. लाल गोटाने ‘रिकामे भाडेकरू’ स्वतःच्या घरात ठेवून घेतले. दुधात पाणी म्हणणारा मी एकटाच उरलो होतो, आणि मीही फेब्रुवारीत बदललो होतो, एक महिना आधी. एवढंच समाधान.

मेमरीबद्दल मात्र मी हटणार नाही. व्हीरॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. लागणारं सगळं ओट्यावर मावतं तोवर हात भराभर चालतो. एक डबा जरी जास्त झाला की दर फोडणीला माळ्यावर चढायचं, आणि तेवढ्यात मोहरी करपते. २०२३ च्या मार्चमध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ पीसीवर आला तेव्हा ८ जीबीवाल्यांचे असेच हाल झाले होते. पुढे दुरुस्त्या झाल्या, पण इशारा मिळून गेला. आणि तरी आरटीएक्स ३०६० वर २०२१ मध्ये १२ जीबी देणाऱ्या कंपनीने दोन वर्षांनी ४०६० वर ८ दिले. पुढे तर दोन्ही गोटांनी एकाच नावाखाली ८ आणि १६ जीबीची कार्डं विकायला काढली, ५०६० टीआय काय आणि ९०६० एक्सटी काय, खोक्यावरची बारीक अक्षरं वाचणाऱ्याचंच भलं. ब्लेंडरमध्ये मोठा देखावा उघडला की भाची अजूनही म्हणते, ‘मामा, हे १२ जीबीचं मात्र तू बरोबर केलंस.’ हे वाक्य मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवायला हवं होतं.

इंटेलचं निळं कार्डही आहे मैदानात. २०२४ च्या डिसेंबरात आलेलं बी५८०, २४९ डॉलरला १२ जीबी. कागदावर डोळे दिपतात. जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा वेग पडतो आणि माझा प्रोसेसर जुना आहे, तेव्हा माझ्यापुरता तो विषय संपला.

आता माझी पाळी आहे. माझं ५७०० थकलं. ‘इंडियाना जोन्स’चा नवा गेम २०२४ च्या डिसेंबरात आला तो प्रकाशकिरणांचा भाग कार्डात असल्याशिवाय चालूच होत नाही, आणि तो भाग नसलेलं कार्ड मीच छाती फुगवून निवडलं होतं. सध्या समोर दोन आहेत, दोन्ही १६ जीबीची. आरटीएक्स ५०६० टीआय, जाहीर किंमत ४२९ डॉलर, १८० वॅट. आरएक्स ९०६० एक्सटी, जाहीर किंमत ३४९ डॉलर, १६० वॅट. वेगात हिरवं थोडं पुढे, डीएलएसएस असलेले गेम अजूनही कितीतरी जास्त, पण एफएसआर ४ चं चित्र आता मान खाली घालायला लावत नाही. आणि वॅट, ज्याच्यापायी मी जळगावात नाक घासलं, तो या वेळी लाल कार्डाचा कमी आहे.

खरी पंचाईत इथे आहे. नव्या कसोट्या लावल्या तरी हात लाल खोक्याकडेच जातोय, आणि आता माझा त्या हातावर विश्वास नाही. दहा वर्षं ज्याने आधी निवडलं आणि मग भागाकार केला, तो आज भागाकार आधी करतोय हे कशावरून? परवा एक आलेख बघताना हिरव्याची आघाडी दिसली आणि माझ्या तोंडून आपसूक ‘हॅ, पाच-सात फ्रेमचा फरक’ असं निघालं. आवाज ओळखीचा होता. बायकोने वर्तमानपत्रातून डोकं काढून ‘काय झालं?’ विचारलं.

शेवटी भाचीला फोन केला. कार्डांची नावं सांगायच्या आधीच तिने विचारलं, ‘तू हल्ली खेळतोस काय ते सांग. आलेखातलं नको, तुझं.’ मी सांगितलं. रात्री अकरा ते बारा, ‘विचर ३’ तिसऱ्यांदा, आणि रविवारी एक गाड्यांचा गेम. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मामा, तुझा यूपीएस किती व्हीएचा आहे?’

मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं मी लोकांना कार्डं सुचवतोय. फोन स्पीकरवर ठेवून मी टेबलाखाली शिरलो, मोबाइलचा टॉर्च लावला. मागच्या पट्टीवर धुळीचा थर होता, तो बनियनच्या टोकाने पुसला आणि आकडा वाचून दाखवला.